बोडक्या कड्याचे आठ दगड

१३ मार्च २०१६

चारुता मॅडमनं आज दोन वह्या दिल्या. एक दगडांची. तिच्यात तारीख, जागा, दगडाचा नंबर अन् दगड कसा दिसतो ते लिहायचं. दुसरी उरली म्हणून मला. म्हणाल्या, "हिच्यात मनातलं लिहा, गोजरबाई. अक्षर सुधारेल." माझं अक्षर काय तापानं फणफणलंय का सुधरायला? चौथी पास आहे मी. मास्तर बदलून गेले अन् नवे आलेच नाहीत, म्हणून चौथीवर थांबले.

मॅडम शहरात कॉलेजात दगड शिकवतात. राहतात गारखेड्याला. दगड शिकवायचा पगार मिळतो हे मला सेहेचाळीस वर्षं ठाऊक नव्हतं. मी वीस वर्षं खदानीत दगड फोडले, मला कुणी मॅडम म्हणलं नाही. मला कामाला लावलं कारण मला घणाचा आवाज कळतो. दगडावर घण पडला की आत सांधा आहे का, पोकळ आहे का, कोरडा आहे का ओला, ते मी सांगते. मॅडमनं चार दगड ठोकून घेतले माझ्याकडनं. चारही बरोबर निघाले. मग लगेच उद्यापासून या म्हणाल्या.

१६ मार्च

आमच्या मेंढवाडीला डोंगरांचं गोल कडं आहे, मनगटातल्या बांगडीसारखं. बांगडीच्या आत वरची वस्ती. बांगडीच्या बाहेर, दक्षिणेला, आमची खालची वस्ती. दोन्हींच्या मधी बोडका कडा. त्याच्यावर झाड सोडा, गवत उगवत नाही.

मॅडमचं म्हणणं, हे सगळं मिळून एक ज्वालामुखी होता. मी म्हणलं, "मंग शेंडा कुठंय?" म्हणाल्या, "शेंडा आत बसला." खालचा तापलेला रस बाहेर निघून गेला अन् वरचं छप्पर आधार नाही म्हणून खाली गेलं. मी म्हणलं, पेव ढासळतं तसं. लहानपणी आमच्या अंगणात जमिनीत खणलेलं पेव जवारी काढून रिकामं झालं अन् एका दुपारी वरची माती सपशेल आत गेली, बकरीसकट. मॅडमनं लगेच लिहून घेतलं. बकरी पण लिहिली.

जीप मुबारकभाईची. उस्मानपुऱ्याचे. ते म्हणाले, "गोजरबाई, तुम्हारे गाँव के नीचे आग थी, तब्बीच तुम ऐसे हो."

पण नुसतं म्हणून कोण ऐकतंय? मॅडमला नकाशात दाखवायचंय. बांगडीवर ठिकाणं ठरवलीत, सगळी मिळून ब्याण्णव. प्रत्येक ठिकाणचा मुठीएवढा दगड पाहिजे. दगडाला अन् त्या जागेला पिवळ्या रंगानं नंबर. ज्या ठिकाणी कडेकडेनं उभा, भिंतीसारखा दगड सापडंल, तिथं नकाशात लाल रेघ. लाल रेघ गोल फिरून स्वतःला येऊन मिळाली की ज्वालामुखी पक्का.

२१ मार्च

पिवळे नंबर बघून वस्तीवर बोंब उठली की सरकारच्या नव्या मोठ्या रस्त्यात जमीन चालली. तीन जणांनी रातोरात... नाही, भल्या सकाळी, रंग खरवडून काढला. एकानं उलटं केलं. त्याला जमीन द्यायचीच होती, म्हणून स्वतःच्या बांधावर चार नंबर स्वतःच रंगवले. मॅडम त्या बांधावर अर्धा तास उभ्या, की हे नंबर मी कधी टाकले. मी दोन्हीकडच्यांना शिव्या घातल्या. काम एक दिवस मागं गेलं.

२७ मार्च

आज मोठी बातमी. वाळूजची एक कंपनी आमच्या गावाला विहीर खोदून देणार. एकच. दोन वस्त्या अन् विहीर एक. साहेब म्हणाले, जागा आम्ही ठरवणार नाही, गावानं भांडून ठरवू नये, मॅडमचा नकाशा सांगेल तिथं.

दुसरं साल आहे पाऊस नसल्याचं. आमची विहीर संक्रांतीलाच आटली. वरच्या वस्तीची त्याच्या आधी. टँकर तीन दिवसाआड येतो, तो पण अर्धा सांडत. शहरात म्हणे नवीन इमारतींच्या भिंतींवर नळीनं पाणी मारतात. मारू द्या.

आता मॅडमचा नकाशा नुसता कॉलेजाचा राहिला नाही. चुकला तर विहीर कोरडी, अन् पुन्हा कोण खोदून देतंय?

४ एप्रिल

खरं लिहिते. ही वही माझी आहे.

मॅडमला परवा ऊन लागलं. त्या घरी पडून आहेत. फोनवर म्हणाल्या, "गोजरबाई, एकसष्ट ते अडुसष्ट एवढेच राहिलेत. बोडका कडा. तुम्ही अन् मुबारकभाई आणाल का? दगड किती कललाय ते माप मी नंतर घेईन." मी म्हणलं आणते, त्यात काय.

कड्याच्या पायथ्याशी जीप थांबली. मुबारकभाई म्हणाले, "मैं यहीं रुकता. गर्मी देखो." मी पन्नास एक पावलं चढले. माझा गुडघा दुखत होता. ऊन पण लई होतं. मी खाली आले.

रस्त्याच्या कडेला खडी पाडणाऱ्या क्रेशरवाल्यांचा दगडांचा ढीग आहे. कुठून कुठून ट्रकनं आणतात. त्यातले आठ उचलले. फोडून मुठीएवढे केले. नंबर टाकले. दगडांच्या वहीत आठ ओळी लिहिल्या, जागा बोडका कडा, रंग काळा, घट्ट. मुबारकभाई बघत होते. मी म्हणलं, "काय बघताय?" ते म्हणाले, "कुछ नहीं. पत्थर पत्थर है."

तेच की. दगड तो दगड. ब्याण्णवातले आठ.

५ एप्रिल

गुडघा आज बरा आहे.

९ एप्रिल

मॅडम उठल्या. पिशव्या उघडून बसल्या. बाकीच्या दगडांना एका अंगाला जुनी साल असते, मळकी, उन्हापावसानं खाल्लेली. एकसष्ट नंबर हातात फिरवला, फिरवला. म्हणाल्या, "हा सगळ्या बाजूंनी ताजा आहे."

"घणानं फोडला ना मी."

"सगळ्याच बाजूंनी?"

"लहान करायचा मंग कसा?"

बासष्ट घेतला. त्रेसष्ट घेतला. मग म्हणाल्या, "गोजरबाई, तुम्ही स्वतः कड्यावर गेला होतात ना?"

"मंग कोण जाईल? मुबारकभाईचं पोट बघितलं का?"

हसल्या. मी पण हसले. जाताना दारात थांबून परत विचारलं, "वरपर्यंत?" मी म्हणलं, "वरपर्यंत." शिकलेली माणसं लई चिकट. एक गोष्ट दहा वेळा विचारायची.

१८ एप्रिल

विहीर आमच्या वस्तीवर!

मॅडमनं कंपनीच्या साहेबांना सांगितलं, खालची वस्ती, देवीच्या ओट्याच्या पश्चिमेला साठ पावलं. बायांनी मला मधी बसवलं. हळदीकुंकू लावलं, डोक्यावर फुलं काय, पाकळ्या काय. म्हातारी मुक्ताबाई जन्मात कुणाला चांगलं म्हणत नाही, ती म्हणाली, "गोजर, तुझ्या तोंडाला लई धार, पर तू इहीर आणलीस." मी म्हणलं, माझं काय, नकाशात निघालं.

मालकांना सांगितलं. मालक, म्हणजे माझे घरवाले, वाळूजला एका कंपनीत वॉचमन आहेत. बूट काढत होते. म्हणाले, "बरं झालं." अन् एकच बूट काढून बसून राहिले.

२४ एप्रिल

टँकरपाशी कडूबाई दिसली. वरच्या वस्तीचा टँकर आला नाही म्हणून इकडं आली होती. माझी धाकटी जाऊ. बारा वर्षं आमचं बोलणं नाही. ती ओळीत माझ्या मागं उभी होती अन् दुसऱ्या बाईला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "थोरल्या बाईला कुठं बी बसवा, पानी तिच्याकडं उताराला लागतं."

मी मागं वळले नाही. हंडा भरला अन् निघाले.

तिचा नवरा बन्सी, म्हणजे माझा धाकटा दीर. बारा वर्षांमागं बोडक्या कड्याच्या खदानीत सुरुंगात गेला. आम्ही सगळे तिथंच कामाला. सुरुंगाच्या वेळी माणसांना मागं थांबवायचं लाल फडकं माझ्या हातात होतं. खदान तेव्हापासून बंद. त्यापलीकडं लिहायचं नाही.

३० एप्रिल

आज मॅडमनं नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरून दाखवला. मी म्हणलं, आमच्याच वस्तीवर पाणी कसं, ते तरी कळू द्या.

लाल रेघ बांगडीसारखी फिरलेली. बोट ठेवून सांगत होत्या. "ही उभ्या दगडाची भिंत. आतमधे भुसभुशीत, तुकड्यातुकड्यांचा खडक. पाऊस पडला की पाणी आत मुरतं अन् उताराने दक्षिणेकडं येतं. भिंत असती तर तिथंच अडलं असतं. पण इथं," बोट बोडक्या कड्यावर, "इथं भिंतच नाही. एकसष्ट ते अडुसष्ट, आठही साधे काळे दगड. एवढ्या जागेत बांगडी तुटलीय. पाणी या फटीतून खाली तुमच्या वस्तीकडं येतं."

मी म्हणलं, "आन् फट नसती तर?"

"तर पाणी आत. वरच्या वस्तीवर. तुमच्याकडं पन्नास फूट खोदलं काय अन् शंभर खोदलं काय." मग नकाशाची घडी घालत म्हणाल्या, "खरं सांगू? फट असल्यामुळं माझा ज्वालामुखीसुद्धा धड उभा राहत नाही. आमचे सर म्हणतात, तुटलेल्या बांगडीवर कोण विश्वास ठेवणार. पण जे सापडलं ते सापडलं."

अन् माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं मला भाकरी टाकायच्यात.

फट माझ्या आठ पिशव्यांची आहे.

१ मे

कदाचित खरी पण फट असंल. कड्यावर मी कुठं बघितलंय? नसंल तर नसंल, असंल तर असंल. मॅडम लई शिकलेल्या आहेत, त्यांनी अजून कशाकशावरनं पण बघितलं असंल.

नाही बघितलं. मला ठाऊक आहे. त्यांनी माझ्या वहीवरनं बघितलं.

३ मे

मुबारकभाईला पायथ्याशी गाठलं. म्हणलं, आपण दोघांनी मिळून सांगू.

"हम? मैं तो गाड़ी में बैठा था."

"तुमी म्हणलात पत्थर पत्थर है."

"अरे, मेरे कू क्या मालूम कौनसा पत्थर पानी रोकता? मैं क्या इंजिनियर हूँ?" टायरला लाथ मारली. मग आवाज उतरला. "बोल दो, गोजरबाई. मैं ना नहीं बोलूँगा. पूछे तो हौ बोलूँगा. पर शुरू तुम करो."

मोठा वाघ.

५ मे

नऊ तारखेला मशीन येणार. आखितीचा, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त. देवीच्या ओट्याजवळ चुन्यानं गोल मारलाय. पोरं त्या गोलात उभी राहून पाणी पाणी खेळतात. मुक्ताबाईनं स्वतःच्या हातानं तिथली काटेरी झुडपं काढली, सत्तर वर्षांची म्हातारी.

मालकांना सांगितलं. सगळं. ते ड्रेस घालून बसची वाट बघत बसले होते. ऐकून घेतलं. मला वाटलं चिडतील.

म्हणाले, "तू त्या कड्यावर बारा वर्सं गेली नाहीस. शेरडं चढली तरी मला पाठवतीस."

"गुडघा दुखत व्हता."

"बरं."

"खरंच दुखत व्हता."

"बरं म्हणलं ना." बस आली. पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "गोजर, मॅडमला सांग. कोरड्या खड्ड्यात रोज बघत बसायला मला नाही जमायचं."

बस निघून गेली. गुडघ्याचा अन् त्या गोष्टीचा काय संबंध? उगा आपलं.

७ मे

सांगितलं.

गारखेड्याला गेले, दोन गाड्या बदलून. मॅडम टेबलावर नकाशा रंगवत होत्या. पाणी दिलं, पिले नाही. उभ्यानंच सांगितलं. "ते आठ दगड कड्यावरचे नाहीत. क्रेशरच्या ढिगातले हायत. मी चढलेच नाही. तुमी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा खोटं बोलले."

मॅडमनं ब्रश पाण्यात बुडवला. तसाच धरून बसल्या. मला वाटलं बोला काहीतरी, रागवा, हाकला.

मग म्हणाल्या, "मला दिसत होतं. साल नव्हती एकालाही. पण तुम्ही म्हणालात वरपर्यंत गेले, म्हणून मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला. स्वतः माप घ्यायला जायला हवं होतं, तेही गेले नाही. परवा मशीन येतंय, गोजरबाई."

"म्हणून तर आले."

"का केलंत?"

मी म्हणलं, "ऊन व्हतं."

त्यांनी परत विचारलं नाही. एवढ्या चिकट बाईनं एकदाच विचारलं. म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला. तुम्ही अन् मी. वरपर्यंत."

८ मे

चढलो. मुबारकभाई पण मागनं धापा टाकत आले, कुणी बोलावलं नव्हतं.

एकसष्टच्या जागी घण मारला. खण्ण. घंटा वाजावी तसा. मॅडम खाली बसून माप घ्यायला लागल्या. बासष्ट, खण्ण. त्रेसष्ट, चौसष्ट. एका अंगाला हा खणखणीत उभा दगड, अन् त्याच्या आतल्या अंगाला हात लावला की तुकडे पडतील असा मिसळीचा खडक, भडंग चिवड्यासारखा. भिंत. सलग भिंत.

पासष्टच्या जागेला जुनी खदान आहे. तिथं कड्यात अर्धा खड्डा. कडेला सुरुंगाची भोकं तशीच. मॅडम म्हणाल्या, "इथला मी घेते." मी म्हणलं, "नको. माझा नंबर आहे." उतरले. वीस पावलं आत. जिथं ते झालं तिथलाच दगड ठोकला. खण्ण. पिशवीत टाकला, नंबर टाकला. वर आले तेव्हा डोळे चुरचुरत होते, घाम लई आलता.

अडुसष्ट झाल्यावर मॅडम धपकन खाली बसल्या. वहीत पेन्सिलनं ओढलेली रेघ बघितली. हसल्या, मग रडल्या, मग पदरानं... त्यांना पदर नाही, बाहीनं नाक पुसलं. "गोजरबाई, मिळाली. रेघ रेघेला मिळाली. अख्खा डोंगर बसलाय इथं. आपण त्याच्या काठावर बसलोय." आपण म्हणाल्या. मग लगेच तोंड बदललं. "आणि मला तुमचा इतका राग आलाय की बोलता येत नाहीये."

दगडांची वही काढली. मला वाटलं ते पान फाडतील. म्हणाल्या, "फाडायचं नाही. खोडरबर नाही. चूक दिसली पाहिजे. एक रेघ मारा, वाचता येईल अशी, शेजारी खरं लिहा, सही करा." आठ रेघा, आठ सह्या. माझं नाव आठ वेळा. आठव्या वेळी अक्षर बरं आलं.

९ मे, आखिती

पोकलेन आमच्या वस्तीवर उभं. नारळ, उदबत्ती, कंपनीचे साहेब, सगळी वस्ती. मॅडम जीपमधनं उतरल्या अन् साहेबांना म्हणाल्या, "थांबवा. माझ्या नकाशात चूक आहे. जागा वरच्या वस्तीवर जाते."

साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही दिलीय."

"दिली. चूक माझी."

वस्ती खवळली. कोण म्हणालं वरच्यांनी मॅडमला फितवलं. कोण म्हणालं शहरातल्यांना काय, आज इथं उद्या तिथं. एकानं जीपच्या काचेवर ढेकूळ मारलं. मॅडम नुसत्या उभ्या. माझं नावच काढीनात. मला ते सहन होईना. दुसऱ्यानं माझ्यासाठी खोटं बोलायचं म्हणजे काय?

पोकलेनच्या पट्ट्यावर चढले. म्हणलं, "गप बसा. दगड मी आणले व्हते अन् मी खोटे आणले. कड्यावर गेलेच नाही. हितं पानी नाय. खोदलं तर धूळ निघंल."

मुक्ताबाई पुढं आली. तिच्या हाताला काट्यांचे ओरखडे होते. म्हणाली, "गोजर, मंग आमाला नाचवलं कशाला?" एवढंच. पाठ फिरवून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

पोकलेन वर गेलं. आमच्या वस्तीवर चुन्याचा गोल तसाच राहिला.

१२ मे

तीन दिवस झाले, कुणी बोलत नाही. टँकरच्या ओळीत माझा हंडा मागं सरकवतात. सरकवू द्या.

आज वरच्या वस्तीवर गेले, मॅडमनं जागेवर बोलावलं म्हणून. जागा कडूबाईच्या वावरात निघाली. ती वाटेतच आडवी. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलली.

"माझ्या वावरात इहीर? तुझी दया नको मला."

"दया नाय. दगड हाय. दगडाला इचार."

"तू फिरवलीस जागा."

"मी फिरवली व्हती ती माझ्याकडं. आता जिथली तिथं गेली."

ती मॅडमकडं वळून म्हणाली, "खोदा. पर हिला सांगा, माझ्या तुरीच्या धसकटातनं चालू नको."

२० मे

चाळीस फूट झालं. सुरुंग, पोकलेन, परत सुरुंग. सुरुंगाच्या वेळी मी आमच्या घरी असते. इथपर्यंत आवाज येतोच.

पाणी नाही. ओल पण नाही. काळा घट्ट दगड.

साहेब आले. चाळीस फुटाचीच मंजुरी आहे, मशीन उद्या दुसऱ्या गावाला जाणार. वरच्या वस्तीचे लोक म्हणायला लागले, खालच्या वस्तीचीच जागा खरी होती, हिनं मुद्दाम इथं आणून कोरडी पाडली. कडूबाई खड्ड्याच्या काठावर बसून होती.

मी शिडीनं खाली उतरले. घण घेतला. पूर्वेला मारला, खण्ण. मधी मारला, खण्ण. उत्तरेच्या कोपऱ्यात मारला. बद्द. परत मारला. बद्द. कान लावला दगडाला. खाली घट्ट नाही. खाली तो चिवडा आहे, अन् तो कोरडा वाजत नव्हता.

वर येऊन म्हणलं, "अजून सहा हात. उत्तरेच्या कोपऱ्यात."

साहेब म्हणाले, "कुणाच्या शब्दावर? ह्यांच्या? ह्यांनी तर भर गावात सांगितलं, मी खोटे दगड आणले."

बरोबरच होतं त्यांचं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. सगळी वस्ती बघत होती. "गोजरबाई, तुम्ही स्वतः ठोकून पाहिलंत?"

"सोता."

"तळापर्यंत?"

"तळापर्यंत."

साहेबांकडं हात केला. "कागद द्या." अन् सही केली. लिहून दिलं की पाणी लागलं नाही तर कंपनीनं त्यांच्या कॉलेजाला कळवावं, पुढं त्यांच्या नकाशावर कुणी काम करू नये. मला वाचून दाखवलं. मी म्हणलं, "असं कशाला लिहिलं?" म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात म्हणून."

आज भाकरी गेली नाही.

२२ मे

चव्वेचाळीस. कोरडं. साहेबांचा फोन चालूच. मॅडम पाणी पीत नाहीत, काही नाही. मुबारकभाई तसबीची माळ ओढत बसलेत.

२३ मे

सत्तेचाळीस फुटाला पोकलेनच्या दातानं तो कोपरा फोडला अन् चिखल निघाला. आधी वाटलं ऑइल गळलं. मग चिखलातनं फेस. मग पाणी, गढूळ, ताकासारखं, बुडबुडे सोडत. ड्रायव्हर मशीन टाकून वर पळाला. तासात कमरेएवढं.

वरची वस्ती नाचली. मॅडम नाचल्या नाहीत, विहिरीच्या मातीवर मांडी घालून बसल्या अन् निघालेले तुकडे वेचायला लागल्या. नंबर टाकत होत्या. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "साल बघा याची, गोजरबाई." बघितली. मळकी होती, पाण्यानं खाल्लेली.

मी लवकर निघाले. पाणी आमचं नाही. माझा हंडा मी नेलाच नव्हता.

२६ मे

टँकर आला नाही. आमच्या वस्तीवरनं दोघी वर पाणी मागायला जाऊन आल्या, मला विचारलं नाही. भरून आल्या. म्हणजे देतात. पण मी मागणार नाही. मी कोणत्या तोंडानं मागू?

सकाळी दहा वाजता दारात कडूबाई. डोक्यावर हंडा, तांब्याचा. कड्याला वळसा घालून आली होती, दोन मैल, भर उन्हात. मी जातं झाडत होते. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर हंडा ठेवला, चुंबळ खांद्यावर टाकली.

"रिकामा करून दे. माझा हाय त्यो."

"मी मागितलं नव्हतं."

"मी इचारलं का? दे लवकर, माझ्या पायाला चटका बसतोय."

रांजणात ओतला. पाणी अजून गढूळच होतं, खाली बारीक वाळू बसली. हंडा हातात घेतला अन् अडले. माणसानं दिलेलं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? आमच्यात नाही देत. बारा वर्षांनी आलेलं तर मुळीच नाही. घरात बघितलं तर जवारीचं पीठ सकाळीच संपलेलं. फळीवर गुळाचा खडा होता, शेवटचा, काळा पडलेला. तो हंड्यात टाकला. तळाशी वाजला.

तिनं हंड्यात वाकून बघितलं. हात घालून खडा काढला.

"जुना हाय," म्हणाली.

"हायच जुना. घ्यायचा तर घे."

घेतला. हंडा काखेत मारून निघाली. मी दारातनं बघत होते. वळणावर गेल्यावर, मी बघत नाही असं समजून, तिनं खडा तोंडात टाकला.